गाडीचा धूर कोठे गेला?

वर्धा हे आगगाडीच्या आधाराने वाढलेले शहर आहे. मुंबईहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो, आणि दिल्लीहून चेन्नईकडे जाणारा मार्ग शेजारच्या सेवाग्राम स्थानकावरून हिंगणघाटकडे वळतो. देशाच्या पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर अशा दोन मोठ्या वाटा या जिल्ह्यात एकमेकींना भेटतात. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून हा जिल्हा बनवण्यात आला. त्याची कचेरी आरंभी पुलगावजवळच्या कवठा या गावी होती. पुढे १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली, आणि दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८६७ मध्ये, मुंबईचा लोहमार्ग नागपूरपर्यंत येऊन पोहोचला. शहर आणि रूळ ही जणू एकाच घरातील भावंडे.

रूळ येथे आले ते मुख्यतः कापसासाठी. हिंगणघाटचा कापूस त्या काळी सातासमुद्रांपलीकडे नावाजलेला होता. त्याच्या गाठी मुंबईच्या बंदरापर्यंत त्वरेने नेणे ही व्यापाऱ्यांची गरज होती. त्यानंतर थोड्याच वर्षांत वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत आणखी एक मार्ग घालण्यात आला, तो तेथील कोळशाच्या खाणीसाठी. कोळसा वाहून आणणारी गाडी स्वतःही कोळशावरच चालत असे. इंजिनाच्या धुराड्यातून काळ्याभोर धुराचे लोट निघत, खिडकीत बसलेल्या उतारूंच्या डोळ्यांत कोळशाचे कण जात, आणि वर्ध्याहून निघालेले पांढरे धोतर नागपूरला पोहोचेपर्यंत करड्या रंगाचे होऊन जाई. गाडी चालवायची म्हणजे धूर व्हायचाच, असे त्या पिढीतील लोक समजून चालत.

आज त्याच स्थानकावर उभे राहून पाहिले, तर गाडी येते, थांबते आणि निघून जाते; धुराची एक रेषाही दिसत नाही. इंजिनाच्या माथ्यावरील दांडा वरच्या तारेला टेकलेला असतो आणि त्या तारेतून पंचवीस हजार व्होल्ट दाबाची वीज इंजिनात उतरत असते. भारतात विजेवर चालणारी पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदर स्थानकातून कुर्ल्याकडे धावली. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विजेच्या तारा वर्ध्यावरून जाणाऱ्या मोठ्या मार्गांवरही आल्या, आणि २०२५ पर्यंत देशातील रुंद मापाच्या जवळजवळ सर्व लोहमार्गांवर त्या पसरल्या. तेव्हा धूर संपला, असे कोणासही वाटावे. पण धूर खरोखरच संपला, की फक्त दृष्टीआड झाला?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी धूर म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. डोळ्यांना दिसतो तो काळा धूर म्हणजे न जळालेल्या कोळशाची काजळी. ती कपडे मळवते आणि छातीला बाधते, परंतु काही दिवसांत खाली बसते. तिच्याबरोबर दुसरा एक पदार्थ बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो म्हणजे कार्बन डायऑक्साइड, किंवा सोप्या शब्दांत कर्बवायू. कोळसा, पेट्रोल, डिझेल या सर्वांत कर्ब असतो. जळताना कर्बाचा एकेक कण हवेतील प्राणवायूच्या दोन कणांशी जोडला जातो आणि कर्बवायू तयार होतो. यामुळे एक गमतीची गोष्ट घडते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास भरते. परंतु ते जळाल्यावर निर्माण होणारा कर्बवायू भरतो सुमारे २.३ किलो! जळून गेलेली वस्तू नाहीशी तर झाली नाहीच, उलट तिप्पट जड होऊन हवेत गेली. हे वाढीव वजन तिने हवेतूनच घेतलेल्या प्राणवायूचे होय.

हा वायू विषारी नव्हे. माणसाच्या उच्छ्वासात तो असतो आणि झाडे त्यावरच वाढतात. त्याचा दोष वेगळा आहे. सूर्याच्या उन्हाला तो आत येऊ देतो, पण तापलेल्या धरणीची ऊब परत आकाशात जाऊ लागली की तिचा काही भाग अडवून धरतो. जॉन टिंडॉल या शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच प्रयोग करून त्याचा हा गुण दाखवून दिला होता. मोठे कारखाने आणि आगगाड्या येण्यापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे २८० भाग असत. आज ते ४२० हून अधिक झाले आहेत. वर्ध्याचा उन्हाळा मुळातच कडक. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांपर्यंत चढणे हे नवल राहिलेले नाही. पेरणी केलेल्या कापसाला वेळेवर पाऊस मिळणे किंवा न मिळणे यावर येथील कित्येक घरांचे वर्ष अवलंबून असते. त्या घरांना हवेतील हा फरक केवळ पुस्तकातील आकडा वाटत नाही.

आता पुन्हा त्या तारेकडे वळावे. तारेतील वीज येते कोठून? भारतातील बहुतांश वीज अजूनही कोळसा जाळूनच तयार होते. वर्ध्याच्या दक्षिणेस चंद्रपूर येथे औष्णिक विजेचे फार मोठे केंद्र आहे. त्याच्या उंच धुराड्यांखाली जळणारा कोळसा ज्या क्षेत्रातून निघतो, त्याचे नावच मुळी वर्धा खोऱ्याचे कोळसा क्षेत्र! म्हणजे ज्या खोऱ्यातील कोळसा आणण्यासाठी दीडशे वर्षांपूर्वी वरोऱ्याचा मार्ग घातला गेला, त्याच खोऱ्यातील कोळसा आजही गाड्या ओढण्यास हातभार लावीत आहे. फरक एवढाच, की भट्टी पूर्वी इंजिनात होती, ती आता दूर एका ठिकाणी गेली आहे. देशभरच्या विजेची सरासरी काढली, तर एक युनिट वीज तयार होताना सुमारे ०.७ किलो कर्बवायू हवेत जातो. धूर नाहीसा झाला नाही. तो स्थलांतर करून गेला.

असे असेल तर वाफेच्या इंजिनाने काय बिघडले होते, असे कोणी विचारील. बिघडले होते ते असे. वाफेच्या इंजिनात जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेच्या शंभर भागांपैकी दहा भागही चाके फिरवण्याच्या कामी येत नसत. बाकीची सारी उष्णता धुराड्यातून उडून जाई. मोठ्या वीजकेंद्रात शंभरांपैकी तेहतीस-पस्तीस भाग विजेत उतरतात. तेव्हा तेवढ्याच कोळशात आता कितीतरी अधिक अंतर कापता येते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की गाडीपासून भट्टी एकदा वेगळी झाली, की ती बदलता येते. पेट्रोलच्या मोटारीत पेट्रोलच जाळावे लागते; ती जिकडे जाईल तिकडे आपली भट्टी बरोबर घेऊन जाते. तारेला मात्र वीज कोळशाची आहे, धरणाच्या पाण्याची आहे, वाऱ्याची आहे की सूर्याची, याच्याशी काहीच कर्तव्य नसते. राजस्थानात आणि गुजरातेत सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारी क्षेत्रे वाढत चालली आहेत. जसजशी त्यांची वीज तारांत मिसळते, तसतशी तीच जुनी गाडी, एकही खिळा न बदलता, अधिक स्वच्छ होत जाते. २०३० पर्यंत आपल्या कारभारातून हवेत निव्वळ कर्बवायू जाऊ नये, असे ध्येय भारतीय रेल्वेने ठेवले आहे. ते वेळेत साधेल की नाही, हे गाड्यांपेक्षा तारेच्या दुसऱ्या टोकावरच अधिक अवलंबून आहे.

रुळांवरील गाडीस दुसरी एक देणगी जन्मजात लाभलेली आहे. चिखलातून बैलगाडी ओढताना बैलांच्या तोंडाला फेस येतो, आणि तीच गाडी कठीण सडकेवर आली की सहज चालू लागते, हे खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. रबराचे चाक सडकेवर किंचित चेपते, आणि त्या चेपण्यात शक्ती खर्च होते. पोलादी चाक पोलादी रुळाला टेकते ते जवळजवळ एखाद्या नाण्याएवढ्या जागेत. तेथे चेपण्यास फारसे काही नसतेच. म्हणून तेवढेच वजन रुळावरून ओढण्यास सडकेवरील ओढीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी जोर पुरतो. शिवाय गाडीच्या तोंडाने एकदा हवा बाजूस सारली, की मागच्या साऱ्या डब्यांची वाट बरीचशी मोकळी होते. शंभर मोटारींना मात्र शंभर वेळा हवा कापावी लागते. आणि गाडी थांबवावयाची असते तेव्हा आजच्या इंजिनातील यंत्रे उलट काम करू लागतात. चाकांच्या गतीपासून वीज तयार करून ती तारेत परत पाठवितात. मोटारीचा ब्रेक तीच शक्ती उष्णतेच्या रूपाने फुकट दवडतो.

हे सारे हिशेबात मांडून पाहावे. नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. एका लिटरमध्ये १५ किलोमीटर जाणारी मोटार या मार्गावर सुमारे ४७ लिटर पेट्रोल जाळील, म्हणजे जवळजवळ १०७ किलो कर्बवायू सोडील. मोटारीत एकटा माणूस असेल तर हा सारा भार त्याच्या एकट्याच्या नावावर. चौघे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सत्तावीस किलो. विमानाच्या अशा लहान उड्डाणात प्रत्येक उतारूमागे साधारणपणे पन्नास ते शंभर किलो कर्बवायू निघतो, कारण जमिनीवरून वर चढतानाच विमानाचे पुष्कळ इंधन खर्ची पडते. आता एखादी लांब आगगाडी दर किलोमीटरला १५ युनिट वीज घेते असे हिशेबासाठी धरले, आणि तिच्यात आठशे उतारू बसले, तर तेवढ्याच अंतरास प्रत्येकाच्या वाट्याला साधारण नऊ किलो येतील. पण हीच गाडी रिकामी धावली आणि तिच्यात केवळ दोनशेच उतारू असले, तर प्रत्येकाचा वाटा सदतीस किलोंवर जाईल, म्हणजे भरलेल्या मोटारीतील माणसाहूनही अधिक! गाडी स्वच्छ की मलिन, हे सांगताना तिच्या बाकांवर किती माणसे बसली आहेत, हे आधी मोजावे लागते.

येथवर वेगाचा प्रश्न आलाच नाही. तो आता घेतला पाहिजे, कारण लोकांची खरी ओढ वेगाकडेच असते. सायकल हळू चालवताना वारा जाणवत नाही. उतारावर ती वेगात सुटली की तोच वारा छातीवर हात ठेवून मागे ढकलतो. वेग दुप्पट झाला की हवेचा हा रोध दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी १६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीला ताशी ३२० किलोमीटर वेगाने पळवावयाचे, तर तेवढेच अंतर हवा कापीत जाण्यासाठी चौपट शक्ती मोजावी लागते. अतिवेगवान गाड्यांचे तोंड पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते असते, ते काही शोभेसाठी नव्हे. तरीही सृष्टीचा नियम चुकत नाही. एवढ्यावरूनच पाहिले, तर वेग हा स्वच्छ हवेचा मित्र नव्हे.

मग जगातील देशांनी अशा गाड्या बांधल्या त्या केवळ हौसेसाठी काय? तसे नाही. जपानने १ ऑक्टोबर १९६४ रोजी तोकियो आणि ओसाका या शहरांमध्ये ताशी २१० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सुरू केली. फ्रान्समध्ये १९८१ मध्ये पॅरिस ते लिआँ या मार्गावर अशी गाडी धावू लागली. स्पेनमध्ये माद्रिद आणि बार्सिलोना या दोन शहरांमधला विमानमार्ग युरोपातील अत्यंत गजबजलेल्या मार्गांपैकी एक होता. २००८ मध्ये तेथे अतिवेगवान लोहमार्ग पुरा झाला आणि विमानाने जाणारे लोक मोठ्या संख्येने गाडीत येऊन बसले. त्यांनी विमानात सोडलेली जागा, हीच त्या वेगाची खरी कमाई. संथ गाडीसाठी विमान सोडण्यास कोणी तयार नसतो. तीन तासांत पोहोचविणाऱ्या गाडीसाठी होतो. परंतु तिच्यात बसलेला माणूस पूर्वी साध्या गाडीनेच जात असेल, किंवा एरवी घरीच राहिला असता असा असेल, तर वेगापायी कर्बवायू वाढलाच म्हणावयाचा. म्हणून अशा गाडीकडे पाहताना ती किती पळते हे विचारण्याआधी, तिच्यातील माणसे कशातून उतरून तिच्यात चढली, हे विचारणे शहाणपणाचे ठरते. वर्तमानपत्रे पहिलाच प्रश्न अधिक रंगवून सांगतात, हा भाग निराळा.

मार्ग बांधण्यातही कर्बवायू निघतो. मुंबई ते अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या अतिवेगवान मार्गाची कोनशिला १४ सप्टेंबर २०१७ रोजी बसविण्यात आली. त्याचा बहुतेक भाग उंच खांबांवर उभारावयाचा आहे, आणि खांब म्हटले की सिमेंट आणि पोलाद आले. चुनखडीचा दगड भाजला की त्यात दडलेला कर्बवायू सुटतो. सिमेंटच्या भट्टीत हेच घडते, आणि भट्टी तापविण्यास इंधन लागते ते वेगळेच. एक टन सिमेंटमागे अर्ध्या टनाहून अधिक कर्बवायू हवेत जातो. म्हणजे पहिली गाडी सुटण्यापूर्वीच मार्गाच्या नावावर मोठे कर्ज चढलेले असते. ते किती वर्षांत फिटेल, हे पुन्हा उतारूंच्या संख्येवर अवलंबून. मुंबई ते नागपूर असाही अतिवेगवान मार्ग असावा अशी योजना पुढे आली; २०२१ मध्ये त्यासाठी विमानातून भूमीची पाहणी झाली, आणि त्या आराखड्यात वर्धा व पुलगाव ही नावेही होती. आराखडा काढणे आणि रूळ घालणे यांत मोठे अंतर असते, हे येथे सांगावयास नकोच.

वेगाविषयी शंका घेणारा एक मोठा माणूस याच जिल्ह्यात राहत होता. महात्मा गांधींनी १९०९ मध्ये लिहिलेल्या 'हिंद स्वराज्य' या पुस्तकात आगगाडीवर कठोर टीका केली होती. पुढे १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. त्यांची पत्रे बुलढाणा जिल्ह्यातील शेगावला जात, म्हणून १९४० मध्ये या खेड्याचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. आगगाडीचा टीकाकार असूनही गांधीजींनी देश पाहिला तो आगगाडीतूनच, आणि तोही तिसऱ्या वर्गाच्या खच्चून भरलेल्या डब्यातून. कर्बवायूचा हिशेब त्यांच्या काळी कोणी मांडीत नसे. तो मांडला असता, तर सर्वांत कमी भार त्या डब्यातील उतारूंवरच आला असता, हे उघड आहे.

आजच्या वर्ध्यात वेगाच्या दोन वाटा दिसतात. समृद्धी महामार्ग सेलू, वर्धा आणि आर्वी या तालुक्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला, आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या वेशीपर्यंत पुरा झाला. त्यावर सुसाट धावणाऱ्या पेट्रोलच्या प्रत्येक मोटारीबरोबर तिची भट्टीही धावत असते. दुसरी वाट रुळांची. नागपूरच्या अजनी स्थानकाहून पुण्याला जाणारी वंदे भारत गाडी १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाली. ती वर्ध्याला थांबते. ताशी १६० किलोमीटर वेगाने धावण्याच्या योग्यतेची ही गाडी ८८१ किलोमीटरचे अंतर बारा तासांत कापते. भागाकार केला तर सरासरी वेग ताशी त्र्याहत्तर किलोमीटर निघतो. रुळांवर मालगाड्या आणि इतर गाड्या यांची दाटी असते, आणि वेगवान गाडीलाही रांग मोडता येत नाही. ही दाटी कमी व्हावी म्हणून भुसावळ ते वर्धा या ३१४ किलोमीटरच्या भागात तिसरा आणि चौथा रूळमार्ग घालण्यास ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. नवी गाडी बांधण्याइतकाच वेग कधीकधी वाट मोकळी करण्यानेही मिळतो, आणि त्यासाठी हवेचा चौपट रोध सोसावा लागत नाही. शिवाय रुळांवर जागा झाली, की सडकेवरून ट्रकने जाणारा मालही गाडीत चढू शकतो.

पुलगावहून आर्वीला पूर्वी अरुंद मापाची एक चिमुकली गाडी जात असे. तिचा वेग इतका बेताचा, की तिला कोणी वेगवान म्हटले असते तर गाडीलाही हसू आले असते. ती बंद पडली आणि तिचे उतारू सडकेवर आले. आता ते एस.टी.च्या गाडीने, दुचाकीने किंवा मोटारीने जातात. संथ गाडी गेल्यानेही कर्बवायू वाढतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वर्ध्याच्या दुसऱ्या बाजूस मात्र उलटे घडत आहे. वर्धा, यवतमाळ आणि नांदेड यांना जोडणाऱ्या २८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाचे काम सुरू झाले, आणि वर्ध्यापासून देवळीवरून यवतमाळ जिल्ह्यातील कळंबपर्यंतचा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला. पुढचे रूळ यवतमाळकडे जावयाचे आहेत. तिकडच्या लोकांना वर्ध्याला थेट येण्यास आजवर सडकेवाचून दुसरा मार्ग नव्हता.